उद्देशिका भिंतीवर उतरवताना

प्रश्न : शाळेच्या दारालगत ५ फूट रुंद, ७ फूट उंच भिंत आहे. संविधान दिनासाठी तिच्यावर उद्देशिका रंगवायची आहे. गेल्या वेळी शेवटच्या ओळी कोंबाव्या लागल्या आणि पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे निघाले. काय चुकलं असेल? (कलाशिक्षिका, सातारा जिल्हा)

पापुद्रे निघाले ते बहुधा ओलीमुळे. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट दिला की आतली वाफ अडते आणि रंग सुटतो. दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला दव दिसलं तर थांबा. ओल कुठून येते ते शोधून आधी तिचा बंदोबस्त करा. कोरड्या भिंतीचा जुना रंग खरवडा, पुट्टीचे दोन हात द्या, घासा, प्रायमर लावा आणि वर बाहेरच्या भिंतीसाठीच्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात द्या. अक्षरंही अ‍ॅक्रिलिकमध्येच काढा.

ओळी कोंबाव्या लागतात कारण आखणी वरून सुरू होते आणि खाली काय उरतं ते कुणी मोजत नाही. चारही बाजूंना ४ इंच आणि शीर्षकाला १० इंच सोडले की ८४ इंच उंचीतले ६६ इंच उरतात. मजकूर १६ ओळींत बसवा, एका ओळीला ४ इंच. त्यातले शिरोरेषेपासून खाली २ इंच अक्षराचे. उरलेले २ इंच रिकामे वाटतील, पण त्यांना हात लावू नका. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, वेलांट्या त्याच जागेत येतात. ‘सार्वभौम’मध्ये रफार आणि दोन मात्रा शेजारीशेजारी आहेत. तिथे जागा कमी पडली की रफार मात्रेत मिसळतो आणि लांबून शब्द वाचताच येत नाही.

शिरोरेषांसाठी सुताला खडूची पूड लावून फटका मारा. चपटा ब्रश १० मिमीचा घ्या, म्हणजे अक्षराची उंची कटाच्या, म्हणजे ब्रशच्या टोकाच्या रुंदीच्या, पाचपट होते. त्याहून जाड ब्रशनं ‘श्र’, ‘द्ध’, ‘त्र्य’ यांची पोटं बुजतात. कटाचा कोन पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकच ठेवा. दोन मुलं आळीपाळीनं रंगवतात तेव्हा कोन बदलतो आणि तो लगेच नजरेत भरतो.

रंगाचा डबा उघडण्यापूर्वी खडूनं पूर्ण मजकूर लिहा आणि भाषेच्या शिक्षकांना पाठ्यपुस्तकातली उद्देशिका हातात घेऊन एकेक शब्द ताडून पाहू द्या. ‘राजनैतिक’चं ‘राजकीय’ होतं, ‘एकात्मता’ गळते. संविधानाच्या मजकुरात आपल्या मनानं शब्द बदलायचा नसतो.

प्रश्न : मूळ प्रतीच्या छायाचित्रात ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द दिसत नाहीत. आम्ही कुठला मजकूर घ्यावा? (वाचक, नागपूर)

छायाचित्र बरोबर आहे. ते पान १९४९ च्या मजकुराचं आहे. हे दोन शब्द आणि ‘एकता’पुढचं ‘एकात्मता’ १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आले. भिंतीवर आजचा मजकूर घ्या. मूळ पानाची प्रतिकृती लावायची असेल तर खाली ‘१९४९ चा मजकूर’ असं स्पष्ट लिहा.

त्या प्रतीतली इंग्रजी अक्षरं प्रेमबिहारी नारायण रायजादा यांची, हिंदी प्रतीतली वसंत कृष्ण वैद्य यांची. सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांची. उद्देशिकेच्या पानाची किनार मात्र जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांनी काढली. पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात देवनागरीत ‘राम’ अशी त्यांची बारीक सही आहे. प्रतिकृती काढताना ती हमखास कापली जाते. कृपया जपा.

प्रश्न : शब्द न लिहिता उद्देशिकेतल्या विचारावर चित्र काढता येईल का? (विद्यार्थिनी, पणजी)

जरूर. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ६ जानेवारी १९४१ च्या भाषणात चार स्वातंत्र्यं सांगितली आणि त्यांवरची नॉर्मन रॉकवेल यांची चार चित्रं १९४३ मध्ये छापली गेली. त्यातलं भाषणस्वातंत्र्याचं चित्र नीट पाहा. गावाच्या सभेत कामकऱ्याच्या जाकिटातला एक माणूस बोलायला उभा राहिला आहे, खिशात घडी घातलेला कागद आहे आणि कोट-टाय घातलेले शेजारी मान वर करून त्याचं ऐकत आहेत. ना पुतळा, ना मशाल. तुम्ही ‘संधीची समानता’ एवढाच तुकडा घ्या आणि रोज दिसणाऱ्या एकाच प्रसंगात तो शोधा. उद्देशिकेतली सगळी मूल्यं एका कागदावर आणायला गेलात तर चित्राचा तक्ता होतो.