कोळंबीची ॲलर्जी आणि नळ्यांचा एक्स-रे

प्रश्न : मी 31 वर्षांची, चिपळूणजवळच्या एका गावात राहते. लग्नाला चार वर्षं झाली, अजून दिवस राहिले नाहीत. डॉक्टरांनी एचएसजी, म्हणजे पिशवीत डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून गर्भनलिकांचा एक्स-रे, करायला सांगितलं. पण कोळंबी खाल्ली की माझ्या अंगावर गांधी उठतात. एक्स-रेच्या ठिकाणी मी हे सांगितलं, तर "मग आयोडीनचा डाय तुम्हाला चालायचा नाही" म्हणून त्यांनी परत पाठवलं. सासूबाई म्हणतात, असलं औषध पिशवीत सोडलं तर पुढे बाळाला बाधेल. मला थायरॉईडची 50ची गोळी चालू आहे. काय करू? — एक वाचक

उत्तर : ताई, मनाची तयारी करून तुम्ही तिथवर गेलात आणि तसंच परत यावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. कोळंबीपायी ही तपासणी रद्द करायचं कारण नव्हतं.

कोळंबीने गांधी उठतात त्या बहुतेक वेळा तिच्यातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे. आयोडीनचा त्यात काही हात नाही. आयोडीन तुमच्या घरच्या मिठात आहे, दर किलोला निदान 15 मिलिग्रॅम. तुम्ही रोज सकाळी उपाशीपोटी घेता त्या थायरॉईडच्या गोळीतही आहे. ते बाधत असतं तर गोळीनेच अंग उठलं असतं. विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच : पूर्वी कधी सीटी स्कॅनच्या किंवा किडनीच्या एक्स-रेच्या वेळी डाय दिल्यावर त्रास झाला होता का? दमा आहे का? यातलं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोलायचं. कोळंबीचंही सांगाच, लपवू नका. रिॲक्शन क्वचित कुणालाही येऊ शकते, म्हणून तिची औषधं हाताशी असतील अशाच ठिकाणी तपासणी करून घ्या.

सासूबाईंची शंका मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण तुम्हाला थायरॉईड आहे. डाय दोन प्रकारचे. एक पाण्यात विरघळणारा. तो काही तासांत अंगात शोषला जातो आणि लघवीवाटे निघून जातो. दुसरा खसखशीच्या तेलापासून केलेला, लिपिओडॉल. त्याच्या 1 मिलिलिटरमध्ये 480 मिलिग्रॅम आयोडीन असतं, आणि आपली दिवसाची गरज 150 मायक्रोग्रॅमची! शिवाय तेल पोटात कित्येक आठवडे रेंगाळतं. थायरॉईड आधीच मंद असेल तर ते आणखी मंदावू शकतं, आणि लगेच दिवस राहिले तर बाळाच्या थायरॉईडवरही नजर ठेवावी लागते.

मग तो वापरतात तरी कशाला? नेदरलँड्समधल्या 27 रुग्णालयांत 1119 स्त्रियांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. तेलाच्या डायनंतर सहा महिन्यांत 39.7 टक्के स्त्रियांना दिवस राहून टिकले, पाण्याच्या डायनंतर 29.1 टक्के. फरक मोठा आहे, पण संप्रेरकांचे आजार असलेल्या आणि नळ्या खराब असण्याची दाट शक्यता असलेल्या स्त्रिया त्यात घेतल्याच नव्हत्या. आपल्याकडे नळ्यांचा टीबी काही दुर्मीळ नाही, तिथे तेल नकोच. तुम्ही माझ्या पेशंट असता तर मी पाण्याचाच डाय वापरला असता. "डाय पाण्यातला की तेलातला?" हे नाव नोंदवतानाच विचारा. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आधी करून घ्या आणि तपासणीनंतर पुन्हा एकदा.

एक्स-रेच्या किरणांचं म्हणाल तर मोजकेच फोटो काढतात, मात्रा अगदी कमी असते. फक्त त्या वेळी पोटात गर्भ नको. म्हणून पाळी थांबल्यावर, पण ती सुरू झाल्यापासून दहाव्या दिवसाच्या आत तपासणी करतात. पाळीपासून तोवर संबंध टाळा.

दुखेल का? हो, थोडा वेळ. पाळीतल्यासारखी कळ येते. चालत असेल तर तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्या आणि कुणाला तरी सोबत न्या. शक्य असेल तर पडद्याकडे पाहा. आधी पिशवीचा पांढरा त्रिकोण भरतो, मग दोन्ही बाजूंना दोऱ्यासारख्या नळ्या उमटतात, आणि नळी मोकळी असेल तर टोकाशी डाय पोटात पसरतो, पाण्यात दूध सोडल्यासारखा. इतकी वर्षं पाहतेय, तरी तो क्षण आला की माझाही श्वास मोकळा होतो. एखादी नळी बंद दिसली तरी तिथेच रडू नका. कळ येऊन ती तेवढ्यापुरती आकसलेली असू शकते.

नंतर दोन दिवस थोडं डाग लागणं चालतं. ताप आला, पोट वाढतं दुखायला लागलं किंवा अंगावरून घाण वास येणारं जायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणि एक. पत्रात तुमच्या मिस्टरांच्या वीर्यतपासणीचा उल्लेख नाही. ती झाली नसेल तर तुम्ही टेबलावर चढण्याआधी त्यांचा रिपोर्ट हातात असू दे.