थीबन लिपी खरोखर प्राचीन आणि पवित्र आहे का?

गूढविद्येच्या एका पुस्तकात ‘थीबन’ लिपीचा तक्ता आपल्याला आढळला. ती प्राचीन आहे का आणि हिब्रू वर्णांसारखी किंवा संस्कृत मातृकांसारखी (म्हणजे वर्णमालेतल्या वर्णांसारखी) पवित्र मानावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. मी लिप्यांचा हौशी अभ्यासक आहे आणि अशा वेळी आधी अक्षरे मोजून पाहतो.

थीबन लिपी 1518 साली छापल्या गेलेल्या ‘पॉलिग्राफिया’ या योहान्नेस ट्रिथेमियसच्या ग्रंथात आढळते. हा ग्रंथ मुळात सांकेतिक लेखनावरचा आहे, हे गूढविद्येची पुस्तके सहसा सांगत नाहीत. लिपीचे जनकत्व थीब्जच्या होनोरियस नावाच्या दंतकथेतल्या पुरुषाला दिलेले असले, तरी त्या काळच्या लॅटिनप्रमाणेच तिच्यात आय आणि जे यांना वेगवेगळी चिन्हे नाहीत, तसेच यू आणि व्ही यांनाही नाहीत. म्हणजे वेष अनोळखी, पण सांगाडा लॅटिन मुळाक्षरांचाच. जॉन डी आणि एडवर्ड केली या इंग्रज गूढविद्याभ्यासकांना 1583 च्या सुमारास देवदूतांकडून मिळाल्याचे सांगितले जाणाऱ्या 21 अक्षरी एनोकियन लिपीचीही गत फारशी वेगळी नाही, कारण तिच्या भाषेची वाक्यरचना बरीचशी इंग्रजीच्याच वळणाने जाते.

हिब्रू आणि तांत्रिक परंपरांची वाट मात्र उलटी आहे, कारण तेथे नवी चिन्हे घडवलेली नसून रोजच्या वापरातल्या वर्णमालेलाच सृष्टीची घटकद्रव्ये मानले आहे. ‘सेफेर येत्सिरा’ या प्राचीन हिब्रू ग्रंथात 22 अक्षरांची 3 माता, 7 दुहेरी आणि 12 साधी अशी विभागणी केलेली असून आलेफ, मेम आणि शिन या तीन मातांचा संबंध अनुक्रमे वायू, जल आणि अग्नी यांच्याशी जोडला आहे. तंत्रमार्गात देहात कल्पिलेल्या सहा कमळांच्या, म्हणजे षट्चक्रांच्या, पाकळ्या 4, 6, 10, 12, 16 आणि 2, म्हणजे एकूण 50 आहेत आणि ‘अ’पासून ‘क्ष’पर्यंतचे वर्णही 50 आहेत (‘ळ’ वेगळा धरणारे 51 मोजतात). हे वर्ण वाटेल तसे विखुरलेले नाहीत: कंठातील विशुद्ध चक्रात 16 स्वर, हृदयाशी ‘क’ ते ‘ठ’, नाभीशी ‘ड’ ते ‘फ’, पुढे ‘ब’ ते ‘ल’, मूलाधारात ‘व’ ते ‘स’ असा क्रम वरून खाली उतरतो आणि उरलेले ‘ह’ व ‘क्ष’ भ्रूमध्यात जातात. वर्णमाला मुखोद्गत असलेल्या साधकाला आपल्या देहाचा नकाशा पाठ करण्यासाठी वेगळे श्रम पडत नसत, आणि या योजनेचे खरे सामर्थ्य मला त्यातच दिसते.

चौदाव्या शतकात फजलुल्लाह अस्तराबादी याच्या हुरूफी या अक्षरांत गूढार्थ पाहणाऱ्या इस्लामी पंथाने हाच विचार मानवी चेहऱ्यावर आणला. केसांची 1, भुवयांच्या 2 आणि पापण्यांच्या 4 अशा 7 रेषांना चार महाभूतांनी गुणले की अरबीची 28 अक्षरे येतात. फारसीत पे, चे, झे आणि गाफ ही चार अक्षरे अधिक असल्याने त्यांना 32 चाही हिशेब लावावा लागला, हे मला मोठे गमतीचे वाटते.

या दोन वाटांखेरीज एक तिसरी वाटही आहे, आणि माझ्या मोजणीच्या कसोटीत ती बसत नाही: रोजच्या वापरातून बाद झालेली लिपी त्याच कारणाने पवित्र ठरते. मृत समुद्राजवळ सापडलेल्या काही गुंडाळ्यांमध्ये सगळा मजकूर तत्कालीन हिब्रू वळणात असताना ईश्वराचे चार अक्षरी नाव तेवढे जुन्या हिब्रू लिपीत लिहिलेले आहे. भारतातली सिद्धम् लिपी येथे व्यवहारातून लोपली, पण चीनमधून 806 साली परतलेल्या कूकाई या भिक्षूच्या शिंगोन या बौद्ध पंथाने तिला जपानमध्ये जपले. तेथे ती आजही कुंचल्याने लिहिली जाते, आणि साधक चंद्रबिंबात रेखाटलेल्या एकट्या ‘अ’काराकडे पाहत ध्यान करतात.