आत्याची नारिंगी फुलदाणी

प्रश्न : माझी आत्या लंडनला नर्स होती. 1974 साली परत येताना तिने नारिंगी काचेची, झाडाच्या सालीसारखी खडबडीत फुलदाणी आणली. बुडाला नाव नाही. जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याने ती इटलीची ठरवली. व्हाइटफ्रायर्स या इंग्लंडच्या काच कारखान्याच्या जुन्या कॅटलॉगात मला तशीच दिसली, पण तिची उंची साडेसात इंच, आणि आमची भरते 18 सेंटिमीटर. मग ही नक्कल समजायची का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : इतक्यात नको. बुडाला नाव नसणं हा या कारखान्याच्या विरुद्ध पुरावा होत नाही. ते कागदी लेबल चिकटवत, आणि पहिल्याच धुण्यात ते निघून जाई. विक्रेत्याने बहुधा रंगावरून सांगितलं असेल. रंगावर मी सगळ्यात शेवटी विश्वास ठेवते, कारण नारिंगी काच अनेकांनी केली. आकार मात्र कारखान्याच्या कागदावर क्रमांकासह नोंदलेला असतो.

व्हाइटफ्रायर्सचे डिझायनर जेफ्री बॅक्स्टर यांनी 1967 मध्ये ही खडबडीत काच आणली. साच्याला आतून झाडाची खरी साल लावून त्यांनी पहिले नमुने केले. सालीच्या फुलदाणीची तीन मापं कॅटलॉगात आहेत : 9690 सहा इंच, 9689 साडेसात, 9691 नऊ. म्हणजे साधारण 15, 19 आणि 23 सेंटिमीटर. तुमचे 18 कशातच बसत नाहीत, आणि म्हणूनच मला तुमच्या फुलदाणीच्या तोंडाची कड बघायची आहे. टवका उडाला की कड घासून घेण्याची पद्धत सर्रास आहे, त्यात सेंटिमीटरभर काच सहज जाते.

उंची घटली तरी बूड तेवढंच राहतं. तेव्हा कॅटलॉगातल्या चित्रावर पट्टी ठेवून उंची आणि बुडाची रुंदी मोजा, आणि उंची 19 धरून बुडाची खरी रुंदी काढा. मग आपलं बूड मोजा. बोहरी आळीत साधा कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून रुंदी मोजायचं अवजार, मिळतो, तो घ्या. शिवणाच्या टेपने गोल वस्तूची रुंदी नीट मोजता येत नाही. त्यानंतर सालीच्या भेगा बघा. साचा एकच असेल तर ठळक भेग प्रत्येक नगावर त्याच जागी उमटते. मला स्वतःला या भेगा उंचीपेक्षा जास्त भरवशाच्या वाटतात. एक मोठी भेग निवडा आणि फुलदाणी हळूहळू फिरवत चित्राशी जुळवा. कडेला नारिंगी थर आत आणि जाड पारदर्शक काच बाहेर दिसली, तर आणखी बळ मिळेल.

हा कारखाना 1980 मध्ये बंद पडला, पण त्याचे कागद लंडनच्या संग्रहालयाने जपले, म्हणून आज कोथरूडमध्ये बसून आपण हे बोलू शकतो. आपल्या तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याचे आकारांचे कागद कुणा वाचकाच्या घरी असतील, तर कृपया रद्दीत देऊ नका, मला कळवा.

आणि आत्यांना विचारा, फुलदाणी कधी पडली होती का, आणि कड कुणाकडून घासून आणली होती का.