फिएस्टाचं स्टिअरिंग आणि १,८५,००० रुपयांचं कर्ज

पुण्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २००९ ची फोर्ड फिएस्टा १.६ एस आहे आणि २०२४ मध्ये त्यांनी नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं आहे. ताम्हिणी आणि वरंधा घाटात वळण घेताना गाडी स्टिअरिंगचं उशिरा ऐकते, ही त्यांची तक्रार. गॅरेजने उपाय सुचवला आहे तो असा: रॅक (स्टिअरिंगची फिरकी चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा) बदलून स्टिअरिंग कॉलममध्ये (स्टिअरिंगला जोडलेल्या दांड्यात) क्विकनर (कमी फिरवून चाक जास्त वळवणारा गिअर) बसवणं ६०,०००, कॉइलओव्हर (गाडीची उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकॉबचा संच) ५५,०००, १७ इंची अलॉय आणि टायर ५८,०००, लहान व्यासाचं स्टिअरिंग १२,०००. एकूण १,८५,०००. त्यासाठी १४ टक्के दराने तीन वर्षांचं पर्सनल लोन मिळतंय. पगार हातात ७८,०००, गृहकर्जाचा हप्ता ३१,०००, घरखर्च २८,०००, एसआयपी १०,०००, एफडी २,४०,०००. गाडीला डीलर १,६०,००० देतो म्हणतो.

हे कर्ज घेऊ नका. पण गाडीवर खर्चच करू नका, असं मी म्हणणार नाही. हायड्रॉलिक स्टिअरिंगची ही गाडी जपण्याजोगी आहे. प्रश्न एवढाच आहे की पैसे कशावर घालायचे.

आधी कर्जाचा हिशोब. हप्ता साधारण ६,३२० रुपये येईल आणि ३६ हप्त्यांत सुमारे २,२७,५०० भरावे लागतील. दोन टक्के प्रक्रिया शुल्क असेल तर जीएसटी धरून आणखी ४,३५० च्या आसपास. म्हणजे १,६०,००० च्या गाडीत २,३०,००० पेक्षा जास्त जातील आणि विकताना त्यातलं जवळजवळ काहीच परत येणार नाही, कारण घेणारा माणूस जुन्या गाडीत मूळचे भाग शोधतो. सगळे खर्च वजा जाता तुमच्याकडे महिन्याला ९,००० उरतात. त्यातले दोन तृतीयांशांहून अधिक या हप्त्यात जातील. तुमचा गृहकर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून ५९,००० आहे, त्यामुळे अडीअडचणीसाठी सहा महिन्यांची सोय ३,५४,००० ची हवी. एफडी आहे ती चार महिन्यांना पुरेल इतकीच. तिला हात लावायचा नाही.

आता मूळ दुखणं. सोळा-सतरा वर्षांच्या गाडीत स्टिअरिंग फिरवल्यावर पहिले काही अंश रबर दाबण्यात आणि सांध्यांचा ढिलेपणा भरून काढण्यात जातात. चाक वळतं त्यानंतर. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, त्यातही मागचा मोठा बुश, टाय रॉड एंड (रॅक आणि चाक जोडणारा सांधा), रॅकच्या आतले सांधे, शॉकॉबच्या (शॉक अॅब्झॉर्बरच्या) वरचे माउंट आणि कडक झालेले जुने टायर, सगळे थोडे थोडे खातात. १.५ पटीचा क्विकनर लावला की हाताला पूर्वीच्या दोन तृतीयांशच फिरवावं लागतं, पण हा ढिलेपणा जागचा हलत नाही. उलट क्विकनरच्या गिअरचा स्वतःचा थोडा खेळ त्यात मिळतो. शिवाय हाताला लागणारा जोर दीडपट होतो, आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग झपझप फिरवलं तर आयडलवर पंपाचं तेल कमी पडून ते मध्येच जड होतं. एक्स्प्रेस वेवर १०० च्या वेगात शिंक आली तरी लेन सुटेल इतकं ते चपळ होतं. सर्वांत मोठी काळजी कॉलमची आहे: तो कापून जोडायचा असतो, आणि एक वेल्डिंग सुटलं तर स्टिअरिंग हातात फिरतं आणि चाकं सरळच जातात.

बाकीचे भागही बघा. मॅकफर्सन स्ट्रटची (पुढचं स्प्रिंग आणि शॉकॉब एकाच खांबात असलेली) अशी गाडी ४० मिलिमीटर खाली बसवली की रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. त्यामुळे स्प्रिंग कडक नसेल तर गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त झुकायला बघते. टाय रॉडचा कोन बिघडून खड्ड्यात चाक आपोआप वळतं, ते वेगळंच. फोर्डच्या चाकाचं बोल्टचं माप ४×१०८ आहे, म्हणजे १०८ मिलिमीटरच्या वर्तुळावर चार बोल्ट. बाजारातली बहुतेक अलॉय ४×१०० ची असतात, म्हणून गॅरेजवाले अॅडॅप्टर लावतात. चाक तेवढं बाहेर येतं, बेअरिंगवर ताण वाढतो, स्टिअरिंग खड्ड्यागणिक ओढ घेतं. लहान स्टिअरिंगसाठी एअरबॅग काढावी लागत असेल, तर त्यावर चर्चाच नको.

कायद्याची बाजूही पैशांचीच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. कलम १८२ अ (४) मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. दंडापेक्षा मोठी जोखीम विम्याची. कापलेला कॉलम अपघातानंतर सर्व्हेयरला दिसला की स्वतःच्या गाडीचा दावा अडतो, आणि समोरच्याला दिलेली भरपाई विमा कंपनी तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. तुमचं इंजिन १५०० सीसीच्या वरचं आहे. २०२२ च्या दरानुसार नुसता थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ अधिक जीएसटी होतो. एवढे पैसे भरून ते संरक्षण आपल्याच हाताने कमकुवत का करायचं?

मी हे असं करेन. पहिल्या आठवड्यात थंड टायरमध्ये दरवाजाच्या चौकटीवरल्या आकड्याइतकी हवा भरा, पुढे फार तर दोन पीएसआय जास्त. मग टायरवरचा चार अंकी कोड वाचा: ३२१७ म्हणजे २०१७ चा ३२ वा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी शाबूत असली तरी तो टायर बाद समजा. नंतर गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा. चाक डाव्या-उजव्या टोकांना धरून हलवा. खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. ब्रेक मारताना एक दिशा आणि पिकअप देताना दुसरी दिशा गाडी पकडत असेल, तर लोअर आर्मचा मागचा बुश गेला आहे.

माझा अंदाज, मजुरी धरून: दोन्ही लोअर आर्म, टाय रॉड एंड, लिंक रॉड आणि माउंट मिळून २०,००० च्या आसपास. फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवलं असलं तरी नाना पेठेत चौकशी करा, आणि स्वस्त बुशच्या मोहात पडू नका. हलकं रबर लवकर फाटतं आणि मजुरी पुन्हा द्यावी लागते. टाय रॉड बदलला की त्याच दिवशी अलाइनमेंट हवंच, नाहीतर नवा टायर आतून खाल्ला जाईल. टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) कंपनीच्या मापाच्या आत, शून्याच्या जवळ ठेवायला सांगा. टो-आउट (चाकं बाहेर वळलेली) जास्त दिलं तर वळणाला गाडी लगेच घुसते, पण सरळ रस्त्यावर सतत सावरावी लागते. चार टायर १९५/६० आर १५ याच मापाचे, साइडवॉल ताठ असलेले घ्या: २८,००० धरा. तपासणी आणि अलाइनमेंटला २,०००. एकूण ५०,०००. रॅकच्या रबरी बूटमध्ये तेल दिसलं तरच रॅक रीकंडिशन करा. त्यासाठी वेगळे १३,००० लागतील.

हे पैसे महिन्याच्या ९,००० मधून सहा महिन्यांत निघतात. एसआयपी चालूच ठेवा. पहिल्या दोन महिन्यांत आर्म आणि टाय रॉड, कारण तो सुरक्षेचा भाग आहे, टायर त्यानंतर. टाय रॉडचा खेळ हाताला स्पष्ट लागत असेल तर मात्र थांबू नका, एसआयपीचा एक हप्ता पुढे ढकलून ते काम आधी करा.

सहा महिन्यांनंतर तेच ९,००० एफडीत वळवा. ३,५४,००० ला कमी पडणारी १,१४,००० ची तूट भरायला सुमारे तेरा महिने लागतील. त्यानंतरही घाटात गाडी ढिली वाटली, तर मूळ मापाचे नवे शॉकॉब घ्या. २०२९ मध्ये नोंदणी संपेल. वीस वर्षांपुढच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० आहे. त्याहून मोठा कोणताही खर्च करताना गाडी किती वर्षं ठेवायची, ते आधी ठरवून घ्या.