सर्व्हिस डॉगचं शिकाऊ पिल्लू घेऊन कॅराव्हॅनने दहा दिवस फिरायला जावं का?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी अकरा वर्षांची, सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअरवर. तिला रोजच्या कामात मदत करणारा सर्व्हिस डॉग म्हणून लॅब्रॅडॉरचं साडेचार महिन्यांचं पिल्लू तयार करताय. मे महिन्यात भाड्याची कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, घेऊन सातारा, कराड, चिपळूण, गुहागर, गणपतीपुळे, कोल्हापूर असं दहा दिवस फिरायचंय. पिल्लाला न्यावं का, आणि नेलं तर आत्तापर्यंत शिकवलेलं बिघडेल का, असं विचारलंय.

न्या. पण दहा दिवस नको, तीन दिवस न्या. उरलेले दिवस दिवाळीला ठेवा, तोवर पिल्लू दहा-अकरा महिन्यांचं होईल.

आम्ही मिरजेचे. २०१८ मध्ये माझ्या मिस्टरांच्या मणक्याला अपघातात इजा झाली, छातीच्या खाली संवेदना नाही. कुठंही उतरायचं म्हटलं की दारात दोन पायऱ्या आणि बाथरूमचं दार व्हीलचेअरपेक्षा अरुंद. म्हणून जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली, मधल्या सीट काढून पलंग, रॅम्प आणि पोर्टेबल टॉयलेट बसवलं, आरटीओत बदलांची रीतसर नोंद केली. आमची कुत्री हळदी नऊ आठवड्यांची असताना घरी आली, ती याच गाडीतून. आज ती तीन वर्षांची आहे. मिस्टरांच्या हातून पडलेली किल्ली उचलून मांडीवर ठेवते, मोजे ओढून काढते, दाराला बांधलेली दोरी धरून दार उघडते. हे शिकवताना वाटलं होतं त्यापेक्षा कमी त्रास झाला. खरी मेहनत पडली ती तिला काहीही न करता पडून राहायला शिकवण्यात. माणसं बोलतायत, कुणी भजी खातंय, शेजारून कुत्रं भुंकतंय, आणि आपण चटईवर हनुवटी टेकून स्वस्थ. सर्व्हिस डॉगचा निम्म्याहून जास्त दिवस असाच जातो. प्रवासात पिल्लू बिघडतं ते इथंच. नवी जागा, नवे वास, प्रत्येक थांब्यावर "अगं बाई, किती गोड" म्हणत धावत येणारी पोरं. दहा दिवसांत पिल्लाची पक्की समजूत होते की गाडीचं दार उघडलं की जत्रा सुरू.

म्हणून निघायच्या आधी दोन आठवडे गाडी दारात उभी राहील असं बघा. भाड्याची असल्यानं दोन आठवडे मिळणार नाही हे कळतंय, पण निदान दोन दिवस आधी ताब्यात घ्या. नाहीच जमलं तर तुमच्या नेहमीच्या गाडीत करा. इंजिन बंद, दारं उघडी, पिल्लाचा क्रेट, म्हणजे झोपायचा पिंजरा, आत, त्यात त्याचीच चटई आणि घरचा एक जुना टॉवेल. दुपारचं जेवण तिथंच द्यायचं. मग इंजिन चालू, पण गाडी जागेवर. मग गल्लीला एक फेरी. आम्ही हळदीला पहिल्या आठवड्यात मिरजेच्या बाहेरसुद्धा नेलं नव्हतं. क्रेट ड्रायव्हरच्या मागच्या सीटच्या पाठीला पट्ट्यांनी बांधा, नुसता ठेवू नका. घाटात तो सरकला की पिल्लू पुन्हा आत शिरायला तयार होत नाही. निघण्याआधी तीन तास खायला देऊ नका. लहान पिल्लांना गाडी लागते, बहुतेकांचं हे वयानुसार कमी होतं, पण कुंभार्ली घाटाच्या वळणावर भरल्या पोटी गेलात तर पुढं महिनाभर ते गाडी बघूनच लाळ गाळेल.

झोपेकडे लक्ष ठेवा. या वयाचं पिल्लू दिवसातला बराचसा वेळ झोपतं. प्रवासात ते झोपलं नाही की चावायला लागतं, ऐकत नाही, आणि आपल्याला वाटतं शिकवलेलं विसरलं. विसरलेलं नसतं, दमलेलं असतं.

आता उन्हाचं. माझ्या मिस्टरांना इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळं अंग तापलं तर लवकर उतरत नाही. हळदीला घाम सुटतो तो पंजांना, तोही नावापुरता. बाकी सगळा भार तिच्या धापा टाकण्यावर. या दोघांमुळं आमचं वेळापत्रक ठरून गेलंय: पहाटे साडेचारला निघायचं, साडेनऊच्या आत सावलीत उभं राहायचं, संध्याकाळी पाचपर्यंत हलायचं नाही. तुम्हीही मे महिन्यात हेच करा. बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी तापमान चढतं. बाहेर ३५ असेल तर तुम्ही चहा पिऊन परत येईपर्यंत आत ४५. काच चार बोटं खाली ठेवली म्हणून फारसा फरक पडत नाही. एसी लावून कुत्रं आत ठेवायचं असेल तर माणूसही आतच बसला पाहिजे, इंजिन कधी बंद पडेल सांगता येत नाही. डांबरावर उतरवण्याआधी तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. तुम्हाला धरवली नाही तर त्याच्या पंजांनाही धरवणार नाही.

लसींचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. पिल्लांच्या लसींचा शेवटचा डोस साधारण सोळाव्या आठवड्याला होतो, त्यानंतर दोन आठवडे जाऊ द्यावेत. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलटी-जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो, आणि ढाब्याच्या मागची जागा म्हणजे गावातल्या सगळ्या कुत्र्यांची जागा. डोस पूर्ण नसतील तर तिथं पिल्लाला जमिनीवर ठेवूच नका. रेबीजची नोंद असलेलं पुस्तक गाडीत असू द्या. गोचिडांचं औषध निघण्याच्या आधी लावून घ्या, रोज रात्री कानाच्या मागं आणि बोटांच्या मधे हात फिरवून बघा. वाटेतल्या प्रत्येक तालुक्याच्या गावातल्या कुत्र्यांच्या डॉक्टरचा नंबर आधी काढून कागदावर लिहा, घाटात मोबाइलला रेंज नसते. साताऱ्याहून पुण्याच्या बाजूला शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेही लक्षात असू द्या.

डॉक्टरच्या नंबरावर एवढा जोर का देते, ते सांगते. हळदी सहा महिन्यांची असताना आम्ही तासगावला नातेवाइकांच्या बेदाण्याच्या शेडवर गेलो होतो. मार्चचे दिवस. जाळ्यांच्या थरांवर बेदाणा वाळत होता आणि खाली जमिनीवर गळलेले मणी पडले होते. मी मिस्टरांना रॅम्पवरून उतरवत होते, दोन्ही हात खुर्चीला. पट्टा मनगटात होता, पण लांब. खुर्ची जमिनीला टेकली आणि वळून बघते तर हळदीचं तोंड जमिनीला लागलेलं, जीभ बाहेर, नाकाला पिवळट धूळ. मूठभर तरी खाल्ले असतील. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी असतात, आणि अमुक इतके चालतात असं सुरक्षित प्रमाणच नाही. एकाला दहा मणी भोवतात, दुसऱ्याला काही होत नाही. हे मला तेव्हा ठाऊक होतं म्हणून निभावलं. नातेवाईक म्हणत होते, "बेदाणाच आहे, विष नाही, राहू दे." आम्ही तसेच माघारी फिरलो. तासाभराच्या आत डॉक्टरांनी उलटी करवली. स्टीलच्या ट्रेमध्ये फुगलेले बेदाणे जसेच्या तसे पडलेले मला अजून दिसतात. दोन दिवस सलाइन, तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासलं, मूत्रपिंड ठीक निघालं. आपल्या भागात बेदाणा घरोघरी आहे. प्रवासाच्या खाऊत शिरा असेल, सुकामेवा असेल, तो मुलीच्या हाताशी असेल आणि पिल्लू बरोबर तिच्या हाताच्या उंचीला असेल. चॉकलेट आणि कांदाही कुत्र्याला विषारीच. खाऊचा डबा वरच्या कप्प्यात, कडी लावून.

त्या दिवसानंतर आम्ही "सोड" हा एकच शब्द दोन महिने घोटला. जमिनीवर पोळीचा तुकडा, त्यावर माझा पाय, ती मान वर करून माझ्याकडं बघेपर्यंत थांबायचं, आणि बघितलं की हातातलं दुसरं, त्याहून चांगलं काहीतरी द्यायचं. जमिनीवरचं कधीच द्यायचं नाही. तुमच्या पिल्लाला हा शब्द घरी आणि अंगणात पक्का येत नसेल तर तीन दिवसांच्या प्रवासालासुद्धा थांबा.

शब्दांवरून आठवलं. तुम्ही "बस" शिकवलंय असं लिहिलंय. आम्हीही आधी तेच शिकवलं होतं. पण आपल्याकडं "बस" दिवसभर कानावर पडतं: पाहुण्याला बस, पोराला बस, जेवताना बस बस, स्टँडवर तर विचारूच नका. पिल्लू पहिले काही दिवस प्रत्येक वेळी बसतं आणि मग तो शब्द ऐकेनासं होतं. आम्ही "टेक" केलं. सासूबाई, मिस्टर आणि मी, तिघांनी तोच शब्द, त्याच सुरात.

आवाजाचं वेगळं बघावं लागतं. उसाच्या हंगामात आमच्याकडं दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात. पहिल्यांदा हळदी थेट व्हीलचेअरखाली शिरली आणि शेपटी चाकात अडकता अडकता वाचली. मग आम्ही रस्त्यापासून शंभरेक पावलांवर, शेताच्या बांधावर जाऊन बसायला लागलो. ट्रॅक्टर दिसला की तिच्या खाण्यातले दाणे एकेक करून गवतात टाकायचे, आवाज लांब गेला की दाणे बंद. कान मागं गेले किंवा दाणे हुंगून सोडले की समजायचं आपण फार जवळ आलो, आणखी वीस पावलं मागं. तीन आठवड्यांनी ती रस्त्याच्या कडेला चटईवर पडून ट्रॅक्टरकडं नुसती बघत होती. मे महिन्यात तुम्हाला ऊस वाहतूक लागणार नाही, पण ट्रकांचे हॉर्न आणि लग्नाच्या वराती लागतीलच. वरात दिसली की शिकवायला थांबू नका, पिल्लाला गाडीत घ्या आणि पुढं निघा.

रॅम्प मुलीसाठी असेलच, पिल्लालाही त्यावरूनच चढवा-उतरवा. गाडीच्या पायरीवरून उड्या मारू देऊ नका. लॅबची हाडं साधारण वर्ष-दीड वर्ष वाढत असतात आणि पुढं जाऊन त्याला सांध्यांवरच काम करायचंय. खुर्ची ओढणं, मुलीला आधार देणं यातलं काही आत्ता करवून घेऊ नका, कुणी कितीही हौसेनं सांगितलं तरी.

रात्री पिल्लू बाहेर बांधायचं नाही, अर्धा तासही नाही. कराड-पाटणच्या पट्ट्यात बिबट्या उसात असतो आणि कुत्रं हे त्याचं सोपं खाद्य आहे. शी-शूसाठी रात्री उतरलात तर टॉर्च, आखूड पट्टा आणि गाडीला लागून. अभयारण्यात कुत्रं नेता येत नाही, त्यामुळं कोयनेच्या जंगलात जायचा बेत असेल तर सोडून द्या.

ऑनलाइन बघितलेल्या अमेरिकेतल्या व्हिडिओंवर फार विसंबू नका. तिथं कॅराव्हॅनसाठी वीज, पाणी आणि मैला सोडायची सोय असलेले तळ असतात. आपल्याकडं २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन धोरण आलं, पण तसा तळ प्रत्येक मुक्कामी मिळेल असं धरून चालू नका. शिवाय तिथल्या केंद्रीय कायद्यातही पूर्ण शिकलेल्या सर्व्हिस डॉगला मिळणारा हक्क शिकाऊ पिल्लाला मिळत नाही, तो ज्या त्या राज्यावर असतो. इथं सर्व्हिस डॉगला घालतात ते लाल जाकीट कुणालाही विकत मिळतं. ते घालून हॉटेलात हक्कानं शिरू नका, उद्या तुमच्या मुलीला खरंच गरज असताना लोक विश्वास ठेवणार नाहीत. आधी फोन करा, पिल्लू शिकाऊ आहे हे खरं सांगा, ते नाही म्हणाले तर दुसरी जागा. आम्हाला नकारापेक्षा होकारच जास्त मिळाले, आणि ते सगळे आधी विचारल्यामुळं. जाकिटाचा एकच उपयोग: "शिकतंय, हात लावू नका" असं मराठीत मोठ्या अक्षरात शिवून घ्या. तरीही कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडेलच. मी म्हणते, "मावशी, ते बिस्किट मला द्या." त्या हसून देतात आणि हळदीकडं बघायचं विसरतात.

शेवटचं, आणि हे तुम्ही विचारलेलं नाही. मुलीला टॉयलेटला न्यायचं असेल आणि त्याच क्षणी पिल्लाला बाहेर जायचं असेल, तर कोण कुणाकडं बघणार? एका माणसाचं ते काम नाही. तासगावला मी तेच केलं होतं, दोन्ही हात खुर्चीला आणि पट्टा मनगटात. गाडी चालवणारा सोडून दोन मोठी माणसं हवीत, एक मुलीची, एक पिल्लाची. तिसरं माणूस मिळत नसेल तर पिल्लाला घरी आजीकडं ठेवा आणि तुम्ही खुशाल दहा दिवस जाऊन या. मुलीनं समुद्र बघायलाच हवा.

नेणार असाल तर पहिला मुक्काम कराडलाच करा, साताऱ्याहून तासाभराचा तर रस्ता आहे. कुणा ओळखीच्याच्या आवारात गाडी लावा. संध्याकाळी ऊन उतरलं की कृष्णा-कोयनेच्या संगमाच्या बाजूला, गर्दीपासून लांब, पिल्लाला चटईवर अर्धा तास बसवा, बाकी काही नको. रात्री ते नीट जेवलं, क्रेटमध्ये गप झोपलं आणि सकाळी रॅम्पवरून स्वतःहून गाडीत चढलं, तर चिपळूणकडं जाणाऱ्या पाटणच्या रस्त्याला लागा. जेवलं नाही किंवा रात्रभर कुंईकुंई करत राहिलं, तर तिथूनच साताऱ्याला परत या, आणि महिन्यानं पुन्हा कराडपर्यंतच जाऊन बघा.