रस्त्यावर दिसलेली स्कायलाइन खरी जीटी-आर आहे का, हे कसं ओळखायचं?

तुमच्या वस्तीत संध्याकाळी एक आर32 स्कायलाइन (निसानची जुनी जपानी गाडी) दिसते, मागे जीटी-आरचा, म्हणजे तिच्या सर्वात जोरदार आवृत्तीचा बॅज आहे, पण ती खरी आहे का हे गाडी वळणाआड जाण्याआधी कळायला हवं, असा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षं अशा गाड्या हेरतोय, म्हणून सांगतो.

बॅजकडे बघूच नका. बॅज विकत मिळतो, बंपर मिळतो, मागचा विंगही मिळतो. मागचे चार गोल दिवे तर जीटीएस-टी या साध्या आवृत्तीलाही असतात. बघायची ती रुंदी. जपानमध्ये 1,700 मिलिमीटरपेक्षा रुंद गाडी मोठ्या वर्गात जाते, म्हणून साधी आर32 1,695 वरच थांबवली. जीटी-आर 1,755 ची. फरक 60 मिलिमीटरचा, म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन सेंटीमीटर! पण चाकावरचा तो फुगवटा एकदा नजरेत बसला की साधी गाडी लगेच सपाट वाटायला लागते. त्यातही मागचा फुगवटा बघा. पुढचे फेंडर, म्हणजे चाकावरचे पत्रे, बोल्टवर असतात, दुपारभरात बदलता येतात. मागचा पत्रा बॉडीलाच वेल्ड केलेला असतो, तिथे कापाकापी करायला फार थोडे लोक तयार होतात.

मालक भेटला आणि बोलका निघाला तर चेसिस नंबर दाखवा म्हणा. बीएनआर32 म्हणजे जीटी-आर, एचसीआर32 म्हणजे जीटीएस-टी. मी एकदा एका चंदेरी गाडीभोवती बराच वेळ घुटमळलो होतो. मालकाने आपणहून बोनेट उघडलं, तर आत दोन लिटरचं आरबी20 इंजिन, टर्बो एकच, म्हणजे साधी जीटीएस-टी. गाडी इतकी निगुतीने ठेवलेली होती की मी तरीही तासभर तिथेच होतो.

बाकीच्या गाड्यांसाठी कान तयार करा. माझदाच्या आरएक्स-7 मध्ये पिस्टनच नाहीत, रोटरी (फिरत्या रोटरचं) इंजिन आहे. इंजिनात फेरफार केलेले असतील तर तिचं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा आवाज, तुटक, ठेक्यात चालल्यासारखं येतं. सुबारूची ती प्रसिद्ध घरघर एक्झॉस्टच्या कमीजास्त लांबीच्या नळ्यांमुळे होते. जपानी बाजारातल्या नंतरच्या एसटीआयमध्ये (सुबारूची वेगवान आवृत्ती) नळ्या सारख्या लांबीच्या आहेत, म्हणून त्या गुळगुळीत वाजतात. आवाज नाही म्हणून त्यांना खोटं ठरवू नका.

आणि एक कळकळीने सांगतो. फोटो काढलात तर नंबर प्लेट झाका. गाडी घरासमोर उभी असेल तर गल्ली ओळखू येईल असं काहीही फोटोत ठेवू नका. या गाड्यांवर चोरांची नजर असते, त्यांचे सुटे भागही महाग जातात. मी घराजवळ उभ्या गाडीचा फोटो मालकाला विचारल्याशिवाय काढत नाही. रस्त्यावर धावती दिसली तर हात वर करतो, बहुतेक जण हॉर्न वाजवून उत्तर देतात.