गुहागरला समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर बांधलंय, जमीन जांभ्याची. अंगणात सावलीची आणि शोभेची कोणती झाडं लावावीत?

पहिलं झाड उंडीचं लावा, तेही समुद्राच्या बाजूला. खारा वारा ती आरामात सोसते. जाड चकचकीत पानं, पांढरी सुवासिक फुलं, बारमाही सावली. पूर्वी तिच्या बियांच्या तेलावर दिवे जळायचे. वाढते मात्र सावकाश, तेव्हा धीर धरा.

उंडीच्या आडोशाला, घराच्या जरा जवळ, बकुळ किंवा सुरंगी. मला विचाराल तर सुरंगीच! उन्हाळ्याच्या तोंडाशी खोडाफांद्यांना चिकटून फुलते, तेव्हा वास शेजाऱ्यांच्या पडवीपर्यंत जातो. रंग हवा असेल तर ताम्हण. आपलं राज्यफूलच ते. रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, लावणार असाल तर मादी झाडाचं कलम घ्या, कारण बियांपासूनच्या रोपांत नर निघाला की कोकमाची वाट बघत बसाल.

गुलमोहर दिसतो छान, पण त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात किती झाडं उन्मळली ते आठवा. घरालगत तो नकोच.

जांभ्यात तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा मे महिन्यातच खणून ठेवा, माती आणि कुजलेलं शेणखत भरा आणि पाऊस स्थिरावला की रोप लावा. खड्ड्यात पाणी तुंबत असेल तर बाजूने चर काढा. पावसाचं कौतुक असलं तरी पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावंच लागतं, जांभा ओल धरत नाही.